हॉलचं लाईटबिल आणि हेन्री सॉलीची बिअर

मंडळी, गेल्या महिन्यात एक अघटित घडलं. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी फ्लॅट विकला आणि ते पद माझ्या गळ्यात पडलं. पात्रता काय, तर "तू सॉफ्टवेअरवाला, तुला एक्सेल येतं." पहिल्याच मीटिंगला विषय निघाला हॉलचा. लाईटबिल, झाडलोट, वॉचमनचा पगार, दर पावसाळ्यात न चुकता गळणारं छत... आणि महिन्यातले पंचवीस दिवस हॉल रिकामा. तोडगाही तयार होता. एक कोचिंग क्लासवाले सगळा खर्च उचलायला राजी आहेत, अट एकच: सोमवार ते शनिवार संध्याकाळी हॉल त्यांचा. निम्मी कमिटी खूष. खरं सांगतो, माझाही हात अर्धा वर गेला होता. पण तेवढ्यात मला न्यूकॅसलचे एक म्हातारबुवा आठवले.

२००६ साली मी तिथे सहा महिने ऑनसाईट होतो. टीममधला एक जॉर्डी (तिकडच्या माणसांना जॉर्डी म्हणतात) एका शुक्रवारी मला वडिलांच्या क्लबात घेऊन गेला. क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपला जिमखाना आला होता. प्रत्यक्षात एक बसकी विटांची इमारत, आत सिगरेटचा धूर, एका टोकाला छोटं स्टेज आणि सत्तरीच्या आजीबाई मान खाली घालून बिंगो खेळतायत. दारात रजिस्टर. पाहुणा म्हणून माझं नाव लिहिलं गेलं, तेव्हाच आत सोडलं. मित्राचे वडील तिथले खजिनदार होते. त्यांनी मला नोटीस बोर्डावर लावलेला ताळेबंद दाखवला आणि म्हणाले, "एका पिंपात २८८ पाइंट. गल्ल्यात २८८ चे पैसे नसतील तर उरलेले कुठे गेले ते मला विचारावंच लागतं." पुढचा अर्धा तास मी बिंगो सोडून हेच ऐकत बसलो. (हो, मी असाच आहे.)

हा होता वर्किंग मेन्स क्लब, म्हणजे कामगारांचा, कामगारांनी चालवलेला हॉल. त्याची गोष्ट सुरू होते १८६२ साली. हेन्री सॉली नावाच्या युनिटेरियन पाद्र्याने लंडनला या क्लबांचा संघ स्थापन केला. त्याचं निरीक्षण अचूक होतं. कामगाराच्या घरात जागा नाही, शेकोटी नाही, त्यामुळे संध्याकाळी उबेची आणि उजेडाची एकच जागा उरते, ती म्हणजे पब. युनियनची बैठक पबात, आजारपणासाठी पैसे साठवणाऱ्या मंडळाची बैठकही पबात. खोलीचं भाडं नाही, पण प्रत्येकाने काहीतरी प्यायचंच. त्याला चक्क 'ओलं भाडं' म्हणत! आजारपणासाठी दोन पेनी बाजूला टाकायला यायचं आणि चार पेनीची पिऊन जायचं. सॉलीने म्हटलं, दारूविना हॉल काढू. वर्तमानपत्रं, पुस्तकं, चहा-कॉफी, व्याख्यानं.

कल्पना उत्तम. पण हॉल म्हटला की भाडं आलं, कोळसा आला, गॅसबत्ती आली, राखणदार आला. हे खर्च दहा माणसं येवोत की शंभर, तेवढेच. आमच्या भाषेत फिक्स्ड कॉस्ट. कामगाराची आठवड्याची वर्गणी एखाद-दोन पेनी, त्यात हे भागेना. मग खड्डा कोण भरणार? लॉर्ड, गिरणीमालक, पाद्री. आणि खड्डा भरणारा माणूस गप्प बसत नाही, याचा अनुभव आपल्याकडे कुठल्याही गणेशोत्सव मंडळाला विचारा. देणगीदार कमिटीवर आले, नियम आले. बिअर नको, पत्ते नकोत, राजकारण तर नकोच. दिवसभर साहेबाचं ऐकून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा साहेबाच्याच हॉलमध्ये कशाला येईल? तो पबात गेला. हॉल रिकामा, वर्गणी कमी, म्हणून देणगी जास्त, म्हणून नियम जास्त. इन्फिनिट लूप.

सॉलीचा मोठेपणा असा की त्याने स्वतःचा बग मान्य केला. १८६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याला पटलं होतं की बिअर ठेवायची की नाही हे ज्या-त्या क्लबाने ठरवावं. दारूविरोधी माणसाला हे किती जड गेलं असेल! १८७५ साली लॉर्ड रोझबेरीने (हा पुढे पंतप्रधान झाला) संघाच्या सभेत स्पष्ट सांगितलं की कामगारांना लहान मुलांसारखे नियम लावणं बंद करा. १८८०च्या दशकात संघाची कमिटी क्लबांनी निवडून द्यायला सुरुवात केली आणि लॉर्ड मंडळी हळूहळू बाजूला झाली. म्हणजे पिंपामागच्या चार पैशांच्या नफ्याने कोळशाचं बिल तर भरलंच, पण हॉल कामगारांच्या मालकीचाही झाला. सॉलीला जे हवं होतं ते मिळालं, पण जे नको होतं त्याच्या पैशातून.

इथे कायद्याची एक गंमत आहे. १८८२ साली ग्राफ विरुद्ध इव्हान्स या खटल्यात कोर्टाने म्हटलं की सभासदांच्या खऱ्याखुऱ्या क्लबात सभासदाला दारू देणं ही 'विक्री' नव्हेच. माल सगळ्यांच्या मालकीचा, मग त्याच्या काही मालकांपैकी एकाने तो घेतला तर विकला कोणी? त्यामुळे पबाला लागणारा परवाना लागत नाही. हेच तत्त्व समुद्र ओलांडून आपल्याकडेही आलं. २०१९ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने कलकत्ता क्लबच्या खटल्यात हाच धागा धरला: क्लब आणि सभासद वेगळे नाहीत, तेव्हा विक्रीकर कसला? २०२१ साली जीएसटी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने, थेट २०१७ पासून, बदलून सरकारने ती पळवाट बुजवायचा प्रयत्न केला. असो. त्यावर लिहायला बसलो तर आणखी एक वीकेंड जाईल.

तर २८८ पाइंट. पिंप ३६ गॅलनचं, गॅलनला ८ पाइंट. नळ्या धुताना, फेसात, तळाशी थोडी वाया जाणारच, ती धरायची. उरलेल्याचे पैसे गल्ल्यात हवेत. बार सांभाळणारा स्टुअर्ड पगारी माणूस, बाकी सेक्रेटरी-खजिनदार सभासदांनी निवडलेले, दिवसा खाणीत नाहीतर गोदीत काम करणारे. रोजचा गल्ला, ठरावीक दिवसांनी बाहेरच्या माणसाकडून साठ्याची मोजणी आणि ताळेबंद बोर्डावर. बस्स. खर्चावर ताबा ठेवण्याची यापेक्षा मोठी युक्ती त्यांच्याकडे नव्हती. म्हातारबुवा म्हणाले, "चोर पकडणं सोपं असतं रे. अवघड असतं ते मित्राला फुकट पाजणाऱ्या चांगल्या माणसाला पकडणं."

पहिल्या महायुद्धानंतर बिअरचा तुटवडा झाला. दारूभट्टीवाले माल आधी स्वतःच्या पबांना देत, क्लबांना उरलंसुरलं. तेव्हा ईशान्येकडच्या क्लबांनी काय केलं? १९१९ साली स्वतःची भट्टीच काढली, नॉर्दर्न क्लब्स फेडरेशन ब्रुअरी. भागधारक क्लब, गिऱ्हाईक क्लब, नफा खरेदीच्या प्रमाणात परत क्लबांना. आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या बरीच आधीची ही आवृत्ती, फक्त ऊस घालणाऱ्यांऐवजी पिणाऱ्यांची :) १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संघाचे क्लब सुमारे चार हजार होते आणि सभासद चाळीस लाखांच्या घरात.

आता थोडं कडू. ज्या दारात मला रजिस्टरवर सही करून आत घेतलं, ते दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. प्रेस्टनच्या डॉकर्स क्लबने संघाच्याच दुसऱ्या एका क्लबचा सभासद असलेल्या काळ्या माणसाला बाहेर काढलं. १९७४ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की क्लब खाजगी आहे, वंशभेदाचा कायदा इथे लागू नाही. १९७६च्या नव्या कायद्याने ते बदललं. आणि बायकांना संघात बरोबरीचे हक्क मिळाले ते २००७ साली! बिंगो खेळणाऱ्या त्या आजीबाईंच्या पैशावर हॉल चालत होता, पण त्याच्या संघात त्यांना बरोबरीचा हक्क नव्हता. 'हॉल आपला' यातला 'आपला' कोण हे ताळेबंदात कुठेच लिहिलेलं नसतं.

उतरणही बिअरनेच आली. १९६०च्या दशकात मोठमोठे कॉन्सर्ट हॉल बांधायला अनेक क्लबांनी दारू कंपन्यांकडून स्वस्त कर्ज घेतलं. बदल्यात त्यांचीच बिअर घ्यायची. म्हणजे लॉर्ड गेले आणि कंपनी आली. पुढे खाणी बंद पडल्या, सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली, १ जुलै २००७ पासून इंग्लंडात बंद जागेत धूम्रपान बंद. एकाच नळावर अवलंबून असलेला हॉल, नळ आटला की तोही आटतो. २००४ साली फेडरेशन ब्रुअरी एका मोठ्या कंपनीने घेतली आणि २०१० साली गेट्सहेडजवळची ती भट्टी बंद झाली. म्हातारबुवांचा क्लबही आता नाही, मित्राने कळवलं.

रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. कोचिंग क्लासवाले वाईट नाहीत हो. पण सोमवार ते शनिवार हॉल त्यांचा म्हटल्यावर सातव्या दिवशी तो आमचा कितपत राहील, हे मी विचारणार आहे. माझ्याकडे बिअर नाही (अध्यक्षांना नुसती कल्पनाही मांडून बघा!), पण संध्याकाळी टेबल टेनिस, शनिवारी नाश्ता आणि भाड्याने राहणाऱ्यांनाही सभासदत्व, असा एक कच्चा हिशेब मांडलाय. भाडेकरूंवरून भांडण होणार हे नक्की.

तो मांडताना एक सापडलं. गेल्या एप्रिलपासून हॉल बंद असलेल्या महिन्यांतही लाईटबिल जवळजवळ तेवढंच आहे. काल रात्री मी सगळे दिवे बंद करून मीटरसमोर टॉर्च घेऊन उभा राहिलो. आकडा पुढे सरकत होता. वायर कोणाकडे जाते ते आज वायरमन आला की कळेल. बहुतेक कोणीतरी चांगला माणूसच निघणार.