संगणकजालातील दोषशोधन

संगणकजालातील दोषशोधन : परस्परांना जोडलेल्या संगणकांमधील संदेशवहन खंडित झाले असता तो खंड कोठे पडला, हे ठरविण्याची पद्धती. दोष तारेत, यंत्रात, पत्त्यात वा आज्ञावलीत असू शकतो. वापरणाऱ्यास मात्र हे सर्व दोष ‘उत्तर येत नाही’ या एकाच रूपात जाणवतात. म्हणून दोषाचे कारण शोधण्यापूर्वी त्याचे स्थान निश्चित करणे, हे या पद्धतीचे मूळ सूत्र होय. हे सूत्र संगणकाहून जुने असून त्याचा उगम तारायंत्राच्या काळात आहे.

तारायंत्राचा काळ : १८७० मध्ये मुंबई शहर एडन व सुएझमार्गे समुद्री केबलने लंडनशी जोडले गेले. समुद्रतळावरील केबल निकामी झाल्यास ती सगळी उचलून तपासणे अशक्य असे. तारेचा दर मैलाचा विद्युत् रोध ठाऊक असल्याने किनाऱ्यावरील स्थानकातून व्हीट्स्टन सेतूच्या साहाय्याने रोध मोजीत आणि त्यावरून दोषाचे अंतर काढीत. दुरुस्तीचे जहाज मग त्याच ठिकाणी जाई.

संगणकजालाचा काळ : अमेरिकेतील आर्पानेट या जालावर २९ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘लॉगिन’ हा पहिला संदेश पाठविण्यात आला, पण दोन अक्षरे पोहोचताच दूरचा संगणक बंद पडला. २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे जाल काही तास ठप्प झाले. एका मार्गयंत्रातील बिघाडामुळे त्याच्या स्थितिसंदेशाच्या क्रमांकातील अंक गळाले व एकाच संदेशाच्या तीन भिन्न क्रमांकांच्या प्रती तयार झाल्या. त्यांपैकी प्रत्येक प्रत दुसरीहून नवी भासत असल्याने सर्व यंत्रे त्याच प्रती फिरवीत राहिली. तारा शाबूत असतानाही जाल कोसळू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

जालाची तपासणी जालामार्फतच करण्याची साधने यानंतर प्रचारात आली. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांनी ‘पिंग’ ही आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. ती दूरच्या यंत्राकडे संदेश पाठवून त्याचा प्रतिध्वनी येण्यास लागणारा वेळ मोजते. व्हॅन जेकबसन यांची ‘ट्रेसरूट’ ही आज्ञावली त्याच दशकाच्या उत्तरार्धातील आहे. ती प्रथम एका, मग दोन, मग तीन टप्प्यांनंतर बाद होणारे संदेश पाठविते व प्रत्येक टप्प्याच्या यंत्राकडून येणाऱ्या सूचनेवरून वाटेचा आराखडा तयार करते.

तपासणी जवळून दूर अशी करतात : प्रथम स्वतःचा संगणक, मग घरातील वा कार्यालयातील मार्गयंत्र, नंतर बाहेरचा अंकी पत्ता आणि शेवटी नाव. अंकी पत्ता उत्तर देतो, पण नाव देत नाही, असे आढळल्यास दोष बहुधा नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या सेवेत असतो. सुरक्षिततेसाठी अनेक यंत्रे पिंगला उत्तर देत नाहीत. त्यामुळे केवळ मौन हा दोषाचा पुरावा ठरत नाही.

मराठवाडा : १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘निकनेट’ या शासकीय उपग्रहजालाने देशातील जिल्हा मुख्यालये दिल्लीशी जोडली. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे त्यांपैकीच एक. भूस्थिर उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने दिल्लीहून उत्तर येण्यास केवळ अंतरामुळे सु. अर्धा सेकंद लागे. हा विलंब दोष नसून मार्गाचा स्वभाव आहे, हे जाणणे तपासनिसास आवश्यक होते.

१९९० नंतरच्या दशकात या शहरालगतच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रात स्टरलाइट उद्योगसमूहाने प्रकाशकीय तंतूंचे उत्पादन सुरू केले. तंतूतील खंड शोधण्यासाठी ‘ओटीडीआर’ हे यंत्र वापरतात. ते तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडते व काचेतून मागे विखुरणारा प्रकाश किती वेळाने परततो, हे मोजते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदास सु. २ लाख किमी. असल्याने १०० मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश सु. १० किमी. अंतरावरील खंड दाखवितो. मात्र हे अंतर तंतूच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे. दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. ती हिशेबात न धरल्यास खड्डा भलत्याच जागी खणला जातो.

ग्रामपंचायतींना प्रकाशकीय तंतूंनी जोडण्याच्या योजनेस (पुढे ‘भारतनेट’) केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून दोषशोधनाचे महत्त्व गावापर्यंत पोहोचले; कारण जोडणी तुटली की दाखले व नोंदींची कामे अडतात. रस्त्याच्या वा जलवाहिनीच्या खोदकामात केबल तुटणे हे खंडाचे नेहमीचे कारण होय. जेथे पर्यायी मार्ग नसतो तेथे एका घावाने अनेक गावे एकदम तुटतात. मोठी जालेही याला अपवाद नाहीत : ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडील संदेशवहनक्षमता निम्म्याच्या आसपास घटली. यंत्र दोषाचे अंतर सांगते. परंतु केबलमार्गाचे अचूक नकाशे, खोदकामाची पूर्वसूचना आणि दुसरी वाट यांची तरतूद माणसानेच आधी करून ठेवावी लागते.