14. बॅटमॅनी अक्षरे
लेखिकेच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील एबीसी वाहिनीवरची ‘बॅटमॅन’ (1966–68) ही मालिका आहे. नायक अ‍ॅडम वेस्ट. ठोसा बसला की कॉमिकमधला ध्वनिशब्द भडक, ठसठशीत अक्षरांत अख्खा पडदा व्यापी. रॉय लिक्टेनस्टाइन यांनी ‘व्हाम!’ (1963) या भव्य चित्रात कॉमिकमधली चौकट अशीच वाढवून रंगवली होती. पॉप आर्टची ही रीत या मालिकेने घराघरांत नेली आणि माझ्या मते तिचे खरे मोल तेच. लेखिका म्हणते ती ‘फिल्मसिटी’ म्हणजे इथे गोरेगावची नव्हे, नोएडाच्या सेक्टर 16-एमधली. अनेक हिंदी वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ तिथे आहेत. ‘ब्रेकिंग न्यूज’च्या लाल-पिवळ्या पाट्यांना लेखिकेने दिलेली बॅटमॅनी अक्षरांची उपमा त्यामुळे अगदी नेमकी आहे. – संपा.