तहनाम्यापासून संकल्पापर्यंत

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर नगरीस तहनाम्यांची ओळख नवी नाही. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने पेशव्यांस जो मुलूख तोडून दिला, त्यात बुऱ्हाणपूर होते. पुढे १८०३ च्या ऑक्टोबर महिन्यात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने हे शहर व जवळचा असीरगड जिंकला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह होऊन ही दोन्ही ठिकाणे दौलतराव शिंद्यांस परत मिळाली. सिंधमधून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांवरून ज्याचे नाव पडले, त्या सिंधीपुऱ्यातील विणकरास यांपैकी कोणत्याही तहाच्या वेळी कोणी विचारले नाही. पहारा बदलला, सारा वसूल करणारा बदलला, एवढेच त्यास समजले.

आमच्या काळात तहांचा एक निराळाच प्रकार उदयास आला आहे. त्यात मुलूख दिला-घेतला जात नाही. वातावरणात कोणी किती धूर सोडावा, आजवर सोडलेल्या धुराचा भार कोणी वाहावा, याचा निवाडा करण्यासाठी जगातील राष्ट्रे गेली तीन दशके दरवर्षी एकत्र बसत आहेत. या तहांतही सिंधीपुऱ्यास कोणी विचारलेले नाही. परंतु त्यांचे परिणाम त्याच्या उंबरठ्यापर्यंत येतात. म्हणून त्यांचा इतिहास आमच्या वाचकांसमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हवा बिघडली म्हणजे काय होते हे या नगरीने पूर्वी सोसलेले आहे. १६३० साली खानदेश, गुजरात व दख्खन या प्रांतांत पावसाने दगा दिला. शाहजहान बादशहा त्या सुमारास बुऱ्हाणपुरातच तळ देऊन होता. दरबारी बखरीवरून असे दिसते की, येथे लंगरखाने उघडले गेले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांस वाटले गेले. तरीही माणसे किड्यामुंगीसारखी मेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरील प्रेतांचे केलेले वर्णन आजही वाचवत नाही. तो दुष्काळ निसर्गाचा होता. त्यास जबाबदार असा कोणी मनुष्य दाखविता येत नव्हता. आजची गोष्ट तशी नाही.

कर्बवायू उष्णता धरून ठेवतो हे अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ मध्ये व इंग्लंडातील जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांनी दाखवून दिले. १८९६ मध्ये स्वीडनच्या आर्‍हेनियस यांनी त्याचे गणितही मांडले. १९५८ साली हवाई बेटांवर या वायूचे नियमित मापन सुरू झाले, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. सांप्रत ते ४२० च्या वर गेले आहेत. ही वाढ कोळसा, तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने आणि जंगले तोडल्याने झाली आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेला नाही.

येथे बुऱ्हाणपूरच्याच एका वास्तूची आठवण होते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना येथील सुभेदार असताना, सातपुड्यात मुरणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांतून शहरात आणण्यात आले. ‘कुंडी भांडारा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या योजनेत शंभराहून अधिक कुंड्या एकाच भूमिगत प्रवाहावर उघडतात. वरच्या कुंडीत कोणी घाण टाकली तर खालच्या प्रत्येक कुंडीचे पाणी बिघडणार. वातावरण हे सर्व मानवजातीचे असेच एक सामायिक भांडार होय. मुलखाला तट असतो; निजाम आसफजाहाने १७३१ मध्ये बांधलेल्या तटाचे दरवाजे रात्री लावून घेता येत असत. हवेला तट नाही. म्हणून तिच्या बाबतीत सर्वांनी मिळून करार करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हा करार कोणत्या पायावर करावा हाच पहिल्यापासून वादाचा मुद्दा होता. १९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे भरलेल्या परिषदेत श्रीमती इंदिरा गांधींनी दारिद्र्याचा प्रश्न पर्यावरणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येणार नाही, अशी भूमिका मांडली. १९८७ च्या माँट्रियल करारात तिला पहिले मूर्त रूप येऊ लागले. आकाशातील ओझोनच्या कवचास भोके पाडणारी रसायने बंद करण्याचा हा करार. गरीब देशांस अधिक मुदत द्यावी हे त्यात मान्य झाले. परंतु नवी यंत्रे घेण्यास पैसा कोण देणार, हा प्रश्न होता. १९९० मध्ये लंडन येथे त्यासाठी निधी उभारण्याचे ठरले, आणि त्यानंतर १९९२ मध्ये भारत या करारात सामील झाला. हा करार यशस्वी झाला असून ओझोनचे कवच हळूहळू भरून येत आहे.

तोच पाया घेऊन १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे हवामानबदलाचा मूळ करार राष्ट्रांपुढे सहीसाठी आला. तत्पूर्वी एक वर्ष अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी दिल्लीहून एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. आमच्या कोकणगोव्यातील भातखाचरांतून निघणारा वायू आणि धनिक देशांतील मोटारींचा धूर एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, कारण एक पोटासाठी आहे व दुसरा चैनीसाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. रिओच्या करारात ‘जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची निरनिराळी’ हे तत्त्व लिहिले गेले. ज्याने भांडारातून आधी व अधिक उपसा केला त्याने आधी व अधिक फेड करावी, असा त्याचा सरळ अर्थ.

११ डिसेंबर १९९७ रोजी क्योटो येथे या तत्त्वाचे रीतसर बंधपत्र झाले. औद्योगिक राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या पाच वर्षांत आपले उत्सर्जन १९९० च्या मानाने सरासरी पाच टक्क्यांनी खाली आणावे, असे ठरले. भारतासारख्या देशांवर आकड्यांचे बंधन नव्हते. बंधपत्रात दंडाचे कलमही होते: जो ऋणको कमी पडेल त्याने तूट पुढील मुदतीत तीस टक्के जादा भरून काढावी.

क्योटोच्या कराराने एक बाजारही निर्माण केला. गरीब देशातील स्वच्छ योजनेस पैसा पुरवून तेथे वाचलेला धूर श्रीमंत देशाने आपल्या खाती जमा करावा, अशी ती तरतूद होती. बुऱ्हाणपुराच्या शेजारच्या खानदेशात धुळे जिल्ह्याच्या माळांवर, तसेच सातारा व सांगलीच्या पठारांवर ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी काहींची नोंद या व्यवस्थेखाली झाली. माळावरच्या वाऱ्याची किंमत युरोपच्या पेढ्यांवर ठरू लागली. परंतु २०१२ च्या सुमारास हा भाव कोसळला आणि युरोपने भारतातील नव्या योजनांची पत्रे घेणे बंद केले. पवनचक्क्या फिरत राहिल्या. पत्रांना गिऱ्हाईक राहिले नाही.

मूळ बंधपत्राचीही तीच गत झाली. अमेरिकेने सही केली, पण तिच्या विधिमंडळाने तो करार कधीच मान्य केला नाही. २००१ मध्ये तिने त्याकडे उघड पाठ फिरविली. रशियाच्या मान्यतेने करार कसाबसा १६ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला. मात्र आपण अटी पाळू शकत नाही असे दिसताच कॅनडाने २०११ च्या डिसेंबरात बाहेर पडण्याची नोटीस दिली. दंडाचे कलम कागदावरच राहिले. सार्वभौम राष्ट्रांवर जप्ती आणणारा बेलीफ जगात नाही, हा धडा त्यातून मिळाला. दुसऱ्या बाजूने चीन व भारत यांचे उत्सर्जन झपाट्याने वाढत होते, आणि केवळ जुन्या धनिकांस बांधून हिशेब मिटणार नाही, हेही स्पष्ट होत चालले होते.

२००९ मध्ये कोपनहेगन येथे नवे बंधपत्र करण्याचा प्रयत्न फसला. अखेर १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे सर्वस्वी निराळ्या जातीचा करार झाला. तापमानाची वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवावी व दीड अंशापर्यंत रोखण्याचा यत्न करावा, हे ध्येय सर्वांनी मान्य केले. परंतु कोणी किती भार उचलावा हे ज्याचे त्याने स्वतः जाहीर करावयाचे. दर पाच वर्षांनी ते जाहीर करावे, पूर्वीपेक्षा वाढवीत न्यावे, आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा. कमी पडल्यास दंड नाही.

देवळाशी ज्यांचा संबंध आहे अशा आमच्या वाचकांस या कराराची जात ओळखण्यास अडचण पडू नये. तो संकल्प होय. पूजेस बसलेला यजमान प्रथम देश व काल उच्चारतो. कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी आपण आहोत हे सांगतो. मग आपले नाव, गोत्र व करावयाचे कर्म उच्चारून हातावरून पाणी सोडतो. सिंधीपुऱ्यातला यजमान रेवेच्या दक्षिणेस व तापीच्या उत्तरेस बसलेला असतो, आणि दुसऱ्या तीराचे नाव तो घेऊ शकत नाही. पॅरिसच्या कराराने प्रत्येक राष्ट्रास असेच आपले ठिकाण, आपला काल व आपले कर्म उच्चारावयास लावले. संकल्प मोडणाऱ्यावर फिर्याद होत नाही, परंतु तो सभेत, साक्षीने केलेला असतो.

भारताचा हा संकल्प ज्यांच्या हातून झाला त्यांपैकी दोघांचे नाते आमच्या मुलखाशी आहे. २२ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्क येथे भारताच्या वतीने करारावर सही करणारे पर्यावरणमंत्री श्री. प्रकाश जावडेकर हे पुण्याचे. त्याच वर्षी गांधीजयंतीस भारताने कराराचे अनुमोदन संयुक्त राष्ट्रांकडे दाखल केले. त्या वेळी मंत्रिपदावर होते ते श्री. अनिल माधव दवे, नर्मदामाईच्या सेवेस वाहून घेतलेले मध्यप्रदेशचे सुपुत्र. पुढे थोड्याच दिवसांत किगाली येथे शीतयंत्रांतील वायूंविषयी जो करार झाला, त्यातही भारताची बाजू त्यांनीच सांभाळली. १८ मे २०१७ रोजी ते वारले. आपले स्मारक करू नये, करावयाचे तर झाडे लावावीत व ती जगवावीत, असे त्यांनी लिहून ठेवले होते.

झाडे हा भारताच्या संकल्पाचाही एक भाग आहे. २०३० पर्यंत जंगले व वृक्ष यांच्या द्वारे अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायू जादा शोषून घेऊ, असे भारताने जाहीर केले. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील सातपुड्याचे रान हे त्याच हिशेबातले. या रानातील सलई व बांबू यांच्या भरवशावर नेपानगरचा कागद कारखाना उभा राहिला; १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्रास अर्पण केला, आणि देशातील वृत्तपत्रे त्या कागदावर छापली गेली. त्याच नेपानगरच्या वनविभागात २०२२-२३ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली. अतिक्रमण कोणाचे, परंपरागत हक्क कोणाचे, आणि तोडीकडे डोळेझाक कोणी केली, यांवरून वनखाते व आदिवासी संघटना यांत तीव्र वाद झाला. पॅरिसमधील एका ओळीचा खरा अर्थ अशा वादांत ठरतो.

शेजारच्या खंडवा जिल्ह्यात हेच द्वंद्व दुसऱ्या रूपाने दिसते. निमाडचे थोर संत सिंगाजी यांचे नाव धारण करणारे औष्णिक वीजकेंद्र २५२० मेगावॅटचे आहे व ते कोळशावर चालते. त्याच जिल्ह्यात, ज्योतिर्लिंगाच्या ओंकारेश्वरी, नर्मदेच्या जलाशयावर तरंगणाऱ्या सौरपट्ट्यांची ६०० मेगावॅटची योजना आखली गेली, आणि तिचा पहिला टप्पा २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग विजेवाचून चालत नाहीत, आणि माग थांबला तर घरातली चूल थांबते. म्हणून २०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळसा ‘बंद करावा’ हे शब्द बदलून ‘कमी करीत जावा’ असे करण्याचा आग्रह भारताने धरला, त्यास आम्ही केवळ हटवाद म्हणणार नाही. आजही भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू निघतो, तर अमेरिकेत माणसामागे सुमारे चौदा. तथापि, एकूण उत्सर्जनात भारताचा क्रमांक आज जगात तिसरा आहे, आणि गरिबाच्या नावाने मागितलेली सवलत श्रीमंताने उपभोगावी हेही न्याय्य नव्हे.

संकल्प किती पाळला गेला? २०३० पर्यंत विजेची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-तेलावाचून उभारण्याचे भारताचे वचन २०२५ च्या जूनमध्येच पुरे झाले. मात्र क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. तीपैकी बरीच मोठी वीज अद्याप कोळशापासूनच निघते. धनिक राष्ट्रांनी २०२० पासून वर्षाला शंभर अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले होते; त्यांच्याच हिशेबाने तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलरचा ठराव झाला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तेथल्या तेथे हरकत नोंदविली. अमेरिका २०२० मध्ये पॅरिस करारातून बाहेर गेली, २०२१ मध्ये परत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत तिच्या अध्यक्षांनी पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम काढला. त्याआधीचे २०२४ हे वर्ष नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले होते. त्या वर्षीची सरासरी दीड अंशाच्या रेषेपलीकडे गेली होती.

बंधपत्रावरून संकल्पावर येण्यात जगाने काही मिळविले व काही गमाविले, असे आमचे मत आहे. सर्व राष्ट्रे एका सभेत आली, ही मिळकत. परंतु ऋण कोणाचे, हा प्रश्न त्यात पुसट झाला. आणि संकल्प केला म्हणून ऋण फिटत नाही, हे आमचे शास्त्र सांगते. धनकोस त्याचे येणे मिळालेच पाहिजे, आणि तो धनको म्हणजे केवळ भारत सरकार नव्हे; मे महिन्यात पत्र्याखाली माग चालविणारा सिंधीपुऱ्यातील कारागीर व वादळात ज्याची केळीची बाग आडवी होते तो तापीकाठचा शेतकरी हेही होत.

व्रत घेतले की त्याचे उद्यापन करावे लागते, हे आमच्या घरांतील स्त्रियांस कोणी शिकवावे लागत नाही. २०७० पर्यंत आपल्या उत्सर्जनाचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे व्रत भारताने घेतले आहे. ज्यांच्या हयातीत त्याचे उद्यापन व्हावयाचे आहे ती मुले आज पाटीवर अक्षरे गिरवीत आहेत. आमच्या देवस्थानांच्या राया, तळी व दीपमाळा ज्यांच्या ताब्यात आहेत त्या महाजनांनी हे व्रत दिल्लीचे आहे असे म्हणून बाजूस बसू नये. जिच्या सावलीत देव बसले आहेत ती राई राखणे हे त्या संकल्पाचे आपल्या वाट्यास आलेले कर्म होय, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी सहीची वाट पाहण्याचे कारण नाही.