राष्ट्रसभेच्या व्यासपीठावरील गवई

संगीत आणि राजसत्ता यांचें सान्निध्य आपणांकडे नवें नाहीं. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं हिशेबखात्याचा अधिकारी होता, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुढें दरबार क्षीण झाले. तेव्हां गवयानें कोणाचें दार ठोठवावें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं त्याचें जें उत्तर शोधिलें त्यांत राष्ट्रसभेच्या अधिवेशनांस मोठें स्थान होतें. तेथें ते भाषणें करण्यास नव्हे, गाण्यास जात. आणि त्या निमित्तानें देशांतील पुढाऱ्यांशीं परिचय जोडीत. एवढ्यावरून त्यांस प्रसिद्धिलोलुप ठरविणें सोपें आहे. आमच्या मतें हा आरोप त्यांच्याच जमाखर्चापुढें टिकत नाहीं.

मूळ शोधूं गेल्यास मिरजेस जावें लागतें. कुरुंदवाडच्या या कीर्तनकारपुत्राची दृष्टि लहानपणीं शोभेच्या दारूच्या अपघातानें अधू झाली, आणि मिरजकर संस्थानिकांच्या आश्रयानें तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं गाणें शिकला. एका समारंभाचें निमंत्रण त्यास आलें, गुरूंस मात्र आलें नाहीं. कारण विचारतां ते केवळ गवई होत असें उत्तर मिळालें, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकथांतून येते. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडिली. पुढील सर्व खटाटोपाचें बीज या न आलेल्या निमंत्रणांत आहे, असें आम्हांस वाटतें.

५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघालें. १९०८ सालीं तें मुंबईस आलें. ही संस्था एका राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर व विद्यार्थ्यांच्या फीवर चालावयाची. अर्थात् आश्रयदाता एक नसून शेंकडों. आणि ते वकील, डॉक्टर, व्यापारी असे प्रांतोप्रांतीं विखुरलेले. त्या काळीं बहुधा दर डिसेंबरांत, दर वेळीं निराळ्या शहरीं, हे सारे एका मांडवाखालीं येत. १८९६ च्या कलकत्ता अधिवेशनांत रवींद्रनाथांनीं 'वंदे मातरम्' गाइलें होतें; तेंच गीत पंडितजी काफी रागांत म्हणत. आरंभाचें गीत गाणारास सारी सभा अध्यक्षांच्याही आधीं ऐकते, हा लाभ लहान नव्हे. पंडित भातखंडे यांची १९१६ ची परिषद बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें भरली, हें ध्यानीं घेतलें म्हणजे दोन समकालीनांचे मार्ग किती भिन्न होते तें दिसतें.

या मार्गाची कसोटी १९२३ च्या डिसेंबरांत कोकोनाडा, म्हणजे आजचें काकिनाडा, येथें लागली. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं धर्माच्या कारणानें गायनास हरकत घेतली. पंडितजींनीं ती मानिली नाहीं व गीत पुरें केलें. तपशिलांत सांगणारांचा फरक पडतो; एवढा गाभा मात्र सर्वत्र एक आहे. या प्रसंगास केवळ हिंदु-मुसलमान वादाचें रूप देणारे एक गोष्ट विसरतात. बाळकृष्णबुवांचे गुरु वासुदेवबुवा जोशी हे ग्वाल्हेरच्या हस्सूखांचे शिष्य. त्या दिवशीं मांडवांत जी गायकी उठली ती एका मुसलमान उस्तादाच्याच घरची होती. हरकत धर्ममताची होती. आणि तिच्यांतून उभा राहिलेला प्रश्न, या सभेंत गाण्यास आसन आहे कीं नाहीं, हा मिरजेचाच होता.

आतां जमाखर्च. पुढाऱ्यांचा परिचय द्रव्यरूप झाला असता तर सँडहर्स्ट रोडवरील महाविद्यालयाची इमारत वांचती. ती कर्जापायीं १९२४ सालीं लिलावांत गेली, आणि पंडितजी नाशिकास रामनामांत रमले. सभास्थानीं टाळ्या देणाऱ्या धनिकांस हें सहज टाळतां आलें असतें. त्यांनीं तें टाळिलें नाहीं, हें स्पष्ट लिहिलें पाहिजे.

जमेची बाजू निराळ्या चलनांत आहे. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे गांधीजींच्या साबरमती आश्रमांत गेले, आश्रम-भजनावलि त्यांनींच सिद्ध केली, १९३० च्या दांडीयात्रेंत ते चालले, आणि १९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा येथें अधिवेशनाच्याच कामीं असतां वारले. दुसरे शिष्य ओंकारनाथ ठाकुर यांनीं १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळीं आकाशवाणीवरून 'वंदे मातरम्' संपूर्ण गाइलें. १९२४ च्या बेळगांव अधिवेशनांत तर गंगूबाई हनगल ही अकरा वर्षांची मुलगी गांधीजींपुढें गाइली. ती पंडितजींच्या शिष्यशाखेंतली नव्हे, पण गवयास मांडवांत जागा झाली होती.

आमचे संग्राहक मित्र बखरी व सनदा जिवापाड जपतात. अधिवेशनांचीं एकपानी कार्यक्रमपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, शिष्यांच्या स्वरलिपीच्या वह्या मात्र रद्दींत जातात. कोकोनाड्याच्या त्या दिवसाचा क्रम अशाच एखाद्या कागदावर असावयाचा. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते मंडळाकडे धाडावे. मूळ देणें सोईचें नसल्यास नक्कलही चालेल.