माणदेशची सफर आणि हौशी बिनतारी

शनिवार-रविवारच्या सुटींत मोटार घेऊन निघावयाचें, एखादा डोंगर गांठून तेथें तारेचें एरियल बांधावयाचें, मोटारीच्याच बॅटरीवर लहानसें बिनतारी यंत्र चालवून दूरदूरच्या अपरिचितांशीं बोलावयाचें, आणि उरल्या वेळांत आसपासचीं देवळें व तळीं पाहून परतावयाचें, असा एक छंद आहे. तो करणारे स्वतःस 'हॅम' म्हणवितात. आपण त्यांना हौशी बिनतारीवाले म्हणूं. ह्या छंदाला साजेसा मुलूख महाराष्ट्रांत शोधूं लागलें तर माणदेश डोळ्यांपुढें येतो. आणि तेथें गेलेला माणूस जरा इतिहासाचा नादी असेल, तर त्या तारेच्या निमित्तानें त्याला पुष्कळच आठवावें लागेल.

पुण्याहून फलटण सुमारें ११० किलोमीटर. तेथून दक्षिणेकडे वळलें कीं शंभुमहादेवाची डोंगररांग समोर उभी राहते. सह्याद्रीनें पश्चिमेचे ढग अडविल्यामुळें तिच्या पलीकडच्या माणदेशाच्या वांट्यास पाऊस अल्प येतो. झाडी विरळ, गांवें दूरदूर. कारखाने व विजेच्या तारा यांची दाटी नसल्यामुळें ग्राहकयंत्रांत खरखर कमी येते. ज्या ओसाडीनें येथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या मेंढरें घेऊन किंवा पोटामागें गांव सोडून जावयास लाविलें, तीच बिनतारीवाल्याला सोयीची वाटावी, हें बोलतांना थोडा संकोच होतो.

शनिवारचा मुक्काम अर्थातच शिखर शिंगणापूर. हें शंभुमहादेवाचें ठाणें भोसले घराण्याचें कुलदैवत. गांवाजवळचा मोठा तलाव मालोजीराजांनीं बांधविला. चैत्रांत सासवडकडील कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढणीनें माणसांच्या साखळीवर वर येतात. त्याच यात्रेंत शंभुमहादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत शेंकडों फूट लांबीचें पांढरें वस्त्र ताणून बांधतात. त्याला ध्वज म्हणतात. दोन उंच टोकांमध्यें एक लांब पट्टी ताणलेली पाहून बिनतारीवाल्याला आपलें एरियल आठवल्याशिवाय राहणार नाहीं. मात्र त्यानें आपली तार देवळापासून दूर, माळावर बांधावी. भाविकांच्या वाटेंत दोर आडवे येऊं नयेत.

चाळीस मीटरांच्या पट्ट्यासाठीं अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे सुमारें ६५ फूट तार लागते. मध्य बांबूवर चढवून दोन टोकें खालीं उतरविलीं कीं काम झालें. ह्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून पुन्हा जमिनीकडे वळतात, म्हणून दिवसांहि शेंकडों मैलांवर बोलणें पोंचतें. त्यांना खरें पाहतां डोंगराची जरूरी नाहीं. डोंगर लागतो तो दोन मीटरांच्या लहरींना. त्या नजरेसारख्या सरळ जातात, आणि शिखरावरून उत्तरेस फलटणचें मैदान जितकें दिसतें तितकें, किंबहुना थोडें अधिकच, त्यांच्या टप्प्यांत येतें.

आतां त्या चाळीस मीटरांची गोष्ट. हिंदुस्थानांत हौशी बिनतारीचा आरंभ १९२१ मध्यें अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनीं केला. पुढील अठरा वर्षांत थोडेसे हौशी लोक परवाने घेऊन हवेंत बोलूं लागले. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हे परवाने बंद केले व यंत्रें जमा करावयास सांगितलीं. मुंबईच्या नरिमन अबरबाद प्रिंटर ह्या हौशी बिनतारीवाल्यानें मात्र १९४० मध्यें 'आझाद हिंद रेडिओ' चालविला, व त्याबद्दल तो पकडला गेला. 'भारत छोडो'चा ठराव होऊन नेते तुरुंगांत गेल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर आणि त्यांचे सोबती यांनीं गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभारला. त्याचें यंत्र जुळविण्यास प्रिंटरचेंच ज्ञान कामीं आलें. २७ ऑगस्ट १९४२ पासून ही वाणी ४२.३४ मीटरांवर ऐकूं येऊं लागली. म्हणजे शिंगणापूरच्या माळावर आज हौशी माणूस जो पट्टा चाळीस मीटरांचा म्हणून लावतो, त्याच्या आंतच ही जागा येते.

मुंबईंत घरें बदलीत हें केंद्र १२ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत, जेमतेम अडीच महिने, चाललें. जागेचा सुगावा पोलिसांस लागला तो प्रिंटरकडून, आणि खटल्यांत तो माफीचा साक्षीदार झाला. खाकरांना पांच व उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. प्रिंटरचें नांव गाळून ही हकीकत सांगण्याची रीत मला पसंत नाहीं. त्याच्या हातांवांचून केंद्र उभें राहणें कठीण होतें, आणि त्याच्या तोंडून तें बुडालें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ह्याच दिवसांत माणच्या शेजारीं, खटाव तालुक्यांत, ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे व त्यांचे सोबती हुतात्मे झाले. पुढें साताऱ्यांत नाना पाटलांचें प्रतिसरकार उभें राहिलें. तिकडे निरोप जात ते बहुतेक पायीं, रानवाटांनीं. खेड्यांत ग्राहकयंत्र ही दुर्मिळ चीज होती.

युद्ध संपलें, स्वातंत्र्य आलें, आणि १५ मे १९४८ रोजीं महू येथें हौशी बिनतारीवाल्यांचें अखिल भारतीय मंडळ स्थापन झालें. आज परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना कोणाहि नागरिकास मिळवितां येतो. अट एवढीच, कीं त्यानें हौशी माणसाशींच बोलावें; लोकांसाठीं कार्यक्रम ध्वनिक्षेपित करूं नयेत.

रविवारीं सकाळीं म्हसवडास जावें. सिद्धनाथ-जोगेश्वरीचें देऊळ पाहावें. मार्गशीर्षांत येथें रथाची मोठी यात्रा भरते. पण मोटारींतील रेडिओहि ९०.४ मेगाहर्ट्‌झवर लावून पाहावा. माणदेशी फाउंडेशनचें 'माणदेशी तरंग' हें सामुदायिक केंद्र येथून २००८ पासून बोलतें, तें येथल्याच बोलींत आणि येथल्याच बायाबापड्यांच्या तोंडून. हवेंतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९९५ मध्यें दिला, तरी स्वयंसेवी संस्थांना अशीं केंद्रें काढावयास मोकळीक मिळाली ती २००६ मध्यें. आणि राजकीय बातम्या त्यांना अजून वर्ज्यच आहेत. माझ्या मतें शेळ्यांचें दुखणें आणि बाजारभाव यांवर गांवच्या बाईनें गांवाशीं बोलणें, हेंहि थोडें नव्हे.

म्हसवडहून पूर्वेस राजेवाडीचा तलाव लागतो. १८७६ च्या भीषण दुष्काळांत उपाशी माणसांना काम म्हणून तो हातीं घेतला गेला. बांधावर उभें राहून त्या खोदणाऱ्या हातांचा विचार मनांत येतो. मग पाणपक्षी पाहावे.

तेथून पुढें आटपाडी, पूर्वीच्या औंध संस्थानांतील. १९३९ च्या सुमारास राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, पोलंडमध्यें जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेवरून, खुनाच्या कैद्यांना भिंतीवांचून, शेती करीत, बायकामुलांसह राहूं देणारी 'स्वतंत्रपूर' ही वसाहत येथें काढली. त्याच सुमारास इंग्रज सरकार हौशी लोकांच्या घरून बिनतारी यंत्रें उचलून नेत होतें, हें येथें आठवतें. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' ह्या चित्रपटास आधार ह्याच वसाहतीचा, आणि कथा माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांची. वसाहत अजूनहि चालू आहे. मात्र तो तुरुंगच आहे. अधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच आंत जाऊन शेतें पाहावींत, आणि एरियलची तार गुंडाळून मोटारींतच ठेवावी.