भूवेष्टित राज्याची संहिता : सोंडूर संस्थान आणि कल्पित देशांचे वाङ्मय

कल्पित देशाचे वर्णन करू पाहणाऱ्या लेखकाला प्रथम नकाशा काढावा लागतो. सीमा, डोंगर, नदी, राजधानी, लोक, राजघराणे आणि शेवटी राज्यव्यवस्था, असा क्रम तो सहसा पाळतो. वासाहतिक काळातील गॅझेटिअरांचा क्रमही जवळजवळ हाच आहे. कल्पित देश खरा वाटावा म्हणून कादंबरीकार गॅझेटिअरची भाषा उसनी घेतो, ही गोष्ट अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच तपासली जाते. प्रत्यक्षातील प्रदेशाचे वर्णन करताना गॅझेटिअरकार, आणि त्याच्या मागोमाग इतिहासकार, कथेचे संकेत वापरतात काय? प्रस्तुत निबंधात हा प्रश्न कर्नाटकातील सोंडूर या मराठा संस्थानाच्या संदर्भात विचारला आहे.

सोंडूरचीच निवड करण्याचे कारण त्याच्या भूगोलात आहे. बंगळूरुच्या उत्तरेस, होसपेट आणि हंपी यांच्या दक्षिणेस, बळ्ळारी जिल्ह्यात हे खोरे आहे. दोन जवळजवळ समांतर डोंगररांगांनी ते वेढलेले आहे. नारीहळ्ळ हा ओढा हे डोंगर कापून वाहतो, आणि ओबळगंडी व भीमगंडी या अरुंद खिंडी खोऱ्याची स्वाभाविक द्वारे ठरतात. १९०१ च्या जनगणनेच्या सुमारास संस्थानाचे क्षेत्रफळ १६१ चौरस मैल आणि लोकसंख्या ११,२०० होती. मद्रास इलाख्याशी संलग्न असलेल्या त्रावणकोर, कोचीन, पुदुकोट्टई, बनगनपल्ली आणि सोंडूर या पाच संस्थानांत ते सर्वांत लहान होते. चारही बाजूंनी ब्रिटिश मुलूख, त्याच्या आत डोंगरांची तटबंदी आणि तिच्या आत एक राजघराणे, असे हे भूवेष्टित राज्य कोणा कादंबरीकाराने रचले असते, तर त्यावर अतिसुबकतेचा आरोप झाला असता.

अशा प्रदेशाला युरोपीय वाङ्मयात एक ठरलेली प्रतिमा आहे. सॅम्युएल जॉन्सनच्या ‘रॅसेलस’ (१७५९) या कथेतील सुखाचे खोरे पर्वतांनी बंद केलेले आहे. आत जाण्याचा मार्ग एका गुहेतून जातो आणि तिच्या तोंडाशी लोखंडी दारे आहेत. अँथनी होपच्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ (१८९४) मधील रुरिटानिया हेही मध्य युरोपातील लहान राज्य. तेथील सिंहासनाचा पेच एक इंग्रज प्रवासी सोडवतो आणि परत जातो. एकोणिसाव्या शतकातील मराठी अद्भुतरम्य कादंबरीतही कल्पित राज्यांना तोटा नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. या परंपरांमागे एक समान गृहीतक आहे. राज्य बंदिस्त असते, त्याची कथा आतच घडते, आणि बाहेरचे जग त्यात आगंतुक म्हणून शिरते. सोंडूरचा इतिहास या गृहीतकाशी ताडून पाहिला असता काय दिसते?

घोरपडे घराण्यातील सिदोजींनी अठराव्या शतकाच्या आरंभी हे खोरे बेडर पाळेगाराकडून जिंकून घेतले. म्हणजे राज्याचा उगम खोऱ्यात झाला नाही. विजापूरच्या चाकरीतून वर आलेल्या आणि पुढे मराठा स्वराज्याच्या लष्करात नावारूपास आलेल्या घराण्याच्या विस्तारात तो झाला. ‘हिंदुराव’, ‘ममलकतमदार’ आणि ‘सेनापती’ या सोंडूरकरांच्या पदव्यांतच मराठी आणि फारसी राज्यव्यवहाराचे थर एकमेकांवर बसलेले दिसतात. याच घराण्यातील गुत्तीकर मुरारराव घोरपडे अठराव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेच्या राजकारणातील एक प्रमुख सेनानी होते. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली आणि मुरारराव कब्बाळदुर्गाच्या कैदेत मरण पावले. सोंडूरही म्हैसूरच्या ताब्यात गेले. खोऱ्यातील कृष्णानगरचा किल्ला हैदरने बांधावयास घेतला आणि टिपूने पुरा केला. १७९० च्या सुमारास घोरपड्यांनी सोंडूर पुन्हा मिळविले. या साऱ्या घटनाक्रमात डोंगरांनी शत्रूला फार काळ अडवल्याचे दिसत नाही. राज्याचे भवितव्य गुत्ती, श्रीरंगपट्टण आणि पुणे येथे ठरत होते.

डोंगरांची भिंत खरोखर उपयोगी पडल्याचा एक प्रसंग मात्र नोंदलेला आहे, आणि तो मराठी वाचकाला काहीसा अडचणीचा आहे. सोंडूरवर आपला हक्क आहे, अशी दुसऱ्या बाजीरावाची भूमिका होती. १८१५ मध्ये कुमारस्वामीच्या दर्शनाचे निमित्त करून पेशवे सोंडूरच्या रोखाने आले. त्यांचा हेतू ओळखून संस्थानिक शिवराव यांनी वाट अडवली आणि मोजक्या सेवकांनिशीच त्यांना देवस्थानी जाऊ दिले. ‘रॅसेलस’मधील राजपुत्र खोऱ्याबाहेर पडण्यासाठी तळमळतो; येथे संस्थानिक खिंडीत उभा राहून आपल्याच परंपरेतील सर्वोच्च सत्ताधाऱ्याला आत येऊ देत नाही. ‘मराठा’ ही ओळख त्या खिंडीत दोन भागांत विभागली गेली. एका बाजूस पुण्याची सार्वभौमता होती आणि दुसऱ्या बाजूस स्थानिक राज्याचा स्वाभिमान.

पुढचा अंक रुरिटानियाच्या कथेशी ताडून पाहण्याजोगा आहे. तहातील बांधिलकीचा आधार घेऊन पेशव्यांनी इंग्रजांकडे सोंडूर मिळवून देण्याची मागणी केली. ऑक्टोबर १८१७ मध्ये टॉमस मन्रो फौज घेऊन आला आणि शिवरावांनी प्रतिकार न करता संस्थान स्वाधीन केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली. ज्या पेशव्यांसाठी सोंडूर घेतले, तेच इंग्रजांचे शत्रू ठरले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि सोंडूर शिवरावांना परत मिळाले. १८२६ मध्ये, मन्रो मद्रासचा गव्हर्नर असताना, त्यांना सनद देण्यात आली. होपच्या कादंबरीतील इंग्रज सिंहासन योग्य वारसाच्या हाती सोपवून निघून जातो. सोंडूरमधील इंग्रजाने सिंहासन परत केले, पण तो गेला नाही. ते परत करण्याचा अधिकार आपला आहे, हे त्याने सनदेत लिहून ठेवले. कल्पित राज्याच्या कथेत जो उपकार ठरतो, तो इतिहासात अधिसत्तेचा पाया ठरतो. होपची कादंबरी या घटनेनंतर अनेक दशकांनी आली. त्या कथेतील निरपेक्ष इंग्रजाचे आकर्षण कोणत्या साम्राज्यीय अनुभवावर पोसले गेले असावे, याचा विचार तौलनिक अभ्यासकाने अवश्य करावा.

सनदेनंतरच्या शतकात सोंडूर गॅझेटिअरमध्ये स्थिर झाले आणि ‘सुंदर, एकाकी खोरे’ ही त्याची प्रतिमा पक्की झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रामनदुर्गच्या डोंगरावर युरोपीय सैनिकांसाठी आरोग्यस्थान उभे राहिले. परंतु त्याच डोंगरांत भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट याला वेगळे वाङ्मय सापडले होते. बळ्ळारी जिल्ह्याच्या भूरचनेवरील त्याच्या ग्रंथात (१८९५) येथील समृद्ध लोहखनिजाची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. ज्या डोंगरांमुळे राज्य बंदिस्त म्हटले गेले, त्यांनीच त्याला जागतिक बाजारपेठेशी जोडले. या जोडणीचे टोक एकविसाव्या शतकात दिसले. लोहखनिजाची मागणी वाढली, बळ्ळारी आणि सोंडूर पट्ट्यात बेकायदा उत्खनन झाले, २०१० मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातील बेलेकेरी बंदरातून जप्त केलेले खनिज नाहीसे झाले, आणि २०११ मध्ये कर्नाटक लोकायुक्तांच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम थांबवले. समुद्र नसलेल्या राज्याचा डोंगर अखेर समुद्रापर्यंत पोहोचला, तो असा.

राजकीय विकासाचे टप्पेही नकाशापेक्षा गुंतागुंतीचे आहेत. त्रावणकोरच्या १९३६ च्या प्रसिद्ध जाहीरनाम्यापूर्वीच सोंडूरने मंदिरे सर्व जातींना खुली केली होती, आणि १९३४ मध्ये गांधीजी तेथे येऊन गेले. १९४९ मध्ये संस्थान मद्रास प्रांतात विलीन झाले. १९५३ मध्ये बळ्ळारीसह ते म्हैसूर राज्यात आले. राजघराण्यातील मु. य. घोरपडे लोकनियुक्त आमदार झाले, १९७२ ते १९७७ या काळात राज्याचे अर्थमंत्री होते, आणि पुढे पंचायतराज खातेही त्यांच्याकडे होते. राजपुत्राचे लोकप्रतिनिधीत झालेले हे रूपांतर कथेच्या सुखान्तासारखे वाटते. परंतु त्याच काळात, १९७३ मध्ये, सोंडूरच्या शेतकऱ्यांनी समाजवादी कार्यकर्त्यांच्या साथीने जमिनीच्या हक्कासाठी मोठा लढा दिला. त्याचा रोख संस्थानी काळापासून चालत आलेल्या जमीनधारणेकडे होता. सुखान्त कोणाचा, हा प्रश्न त्या लढ्याने खुला ठेवला.

येथे मराठी अभ्यासकाने स्वतःकडे वळून पाहणे आवश्यक आहे. आपल्या लेखनात या स्थळाचे नाव ‘सोंडूर’. कन्नडमध्ये ते ‘संडूरु’. दोन नावांच्या मागे दोन देश आहेत. मराठी इतिहासलेखनात सोंडूर येते ते बहुधा ‘कर्नाटकातील मराठा राज्य’ म्हणून, घराण्याच्या वंशावळीच्या आधारे. या वर्णनात खोटे काही नाही. पण ते अपुरे असल्यामुळे कल्पित ठरते. खोऱ्यातील बहुसंख्यांची भाषा कन्नड आहे. तेथील लंबाणी समाजाची भाषा राजस्थानी बोलींशी नाते सांगते आणि तिचे वाङ्मय प्रामुख्याने मौखिक आहे. २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला तो सोंडूरच्या लंबाणी भरतकामाला. आज या खोऱ्याचे नाव बाहेरच्या जगात ज्या गोष्टींमुळे पोहोचते, त्यांतील एक त्या समाजातील स्त्रियांच्या हातची आहे. राजघराण्याच्या इतिहासात तिला जागा नव्हती. दरबारी मराठीतून पाहिले असता सोंडूर हे कन्नड मुलखातील एक बेट दिसते. बेट ही प्रतिमा मात्र आपणच दिलेली आहे.

याच बंगळूरुत १९३० मध्ये विजयादशमीच्या दिवशी आर. के. नारायण यांनी मालगुडी या गावाची कल्पना लिहावयास घेतली, आणि त्यांना प्रथम सुचले ते रेल्वेस्थानक. कल्पित स्थळाला जिवंतपणा येतो तो त्याच्या सीमारेषेने नव्हे, तर येण्याजाण्याच्या वाटेने, हे त्या कादंबरीकाराने ओळखले होते. सोंडूरच्या अभ्यासालाही हाच धडा लागू पडतो. त्याचा इतिहास मराठी कागद, इंग्रजी गॅझेटिअर, कन्नड लोकस्मृती आणि लंबाणी मौखिक परंपरा यांच्या परस्परसंबंधांतूनच लिहिता येईल. कर्नाटकात राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिक आहे, कारण हे चारही प्रवाह त्यांच्या हाताशी आहेत. वंशावळीवर थांबलेला अभ्यास १८१५ मधील शिवरावांप्रमाणे खिंडीत उभा राहतो, आणि मोजक्यांनाच आत येऊ देतो.