कुंडीत जन्मलेली नवी जाती

खेचराला पिले होत नाहीत, हे आपण वर्गात सांगतो. घोडा आणि गाढव या वेगळ्या जाती, म्हणून त्यांचा संकर वांझ. एवढे ऐकले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "मग सर, नवी जाती तयार होते तरी कशी? कोणी होताना पाहिली आहे का?"

पाहिली आहे, लंडनच्या क्यू येथील वनस्पती-उद्यानात, एका पहाडी प्रिमरोझच्या कुंडीत. आणि या कुंडीचे हिंगोली जिल्ह्यातल्या कापसाशी जवळचे नाते आहे.

प्रिमरोझचे शास्त्रीय नाव प्रिम्युला. बहुतेक प्रिम्युला थंड डोंगराळ मुलखातल्या. पाने जमिनीलगत, मधून वर येणारा दांडा आणि त्यावर फुलांचे झुबके. प्रिम्युला फ्लोरिबंडा ही पिवळ्या फुलांची जाती पश्चिम हिमालयात ओलसर कातळांवर वाढते. प्रिम्युला व्हर्टिसिलाटा ही येमेनच्या डोंगरातली. तिच्या पानांवर पांढरी भुकटी असते. दोघींच्या मायभूमीत हजारो किलोमीटरचे अंतर. क्यूच्या काचगृहात मात्र त्या शेजारी आल्या.

अशा प्रिम्युला वाढवायच्या तर बारीक बी पालापाचोळ्याच्या खतमातीवर नुसते भुरभुरायचे, खोल पुरायचे नाही. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवून माती खालून भिजवायची. सावली, गारवा आणि सतत ओल हवी. हिंगोलीत हिवाळ्यात रोपे कदाचित धरतील, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्यांचा निभाव लागणे अवघड.

१८९९ च्या सुमारास क्यूमध्ये फ्लोरिबंडाच्या रोपांत एक वेगळेच रोप आढळले. दोन्ही जातींची लक्षणे त्यात होती. हा आपोआप झालेला संकर होता. त्याला प्रिम्युला क्यूएन्सिस असे नाव मिळाले. फुले सुंदर, पण बी धरेना. अगदी खेचरासारखे! माळी झाडाचे भाग वेगळे करून त्याची रोपे वाढवत राहिले. मग १९०५ मध्ये या वांझ झाडाच्या एका फांदीला बी धरले. त्या बियांतून आलेल्या झाडांनाही बी येऊ लागले.

हे कसे घडले? १९१२ मध्ये लेटिस डिग्बी या संशोधिकेने सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजली. वांझ झाडात ती १८ होती, बी धरणाऱ्या झाडात ३६. पुढे न्यूटन आणि पेल्यू यांनी १९२९ मध्ये या कोड्याची सविस्तर उकल मांडली. वांझ झाडात ९ गुणसूत्रे एका जातीची आणि ९ दुसरीची. परागकण किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळाव्या लागतात. इथे त्या जुळत नव्हत्या. एका फांदीतल्या पेशीत गुणसूत्रे दुप्पट झाली, पण पेशी विभागली नाही. आता प्रत्येक गुणसूत्राला स्वतःसारखा जोडीदार मिळाला. वांझपण संपले. मूळ जातींशी संकर केला तर हिशेब पुन्हा बिघडतो, कारण ३६ आणि १८ चा मेळ बसत नाही. म्हणजे ही खरोखरच नवी जाती झाली.

आता आपल्या शेताकडे वळू. गावरान कापसात २६ गुणसूत्रे असतात. अमेरिकन कापसात, म्हणजे मराठवाड्यात गाजलेल्या नांदेड-४४ मध्ये किंवा २००२ पासून आलेल्या बीटी वाणांत, ती ५२ असतात. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातला एक कापूस आणि अमेरिकेतला एक रानकापूस यांचा संकर झाला, गुणसूत्रे दुप्पट झाली आणि या कापसाचा पूर्वज जन्मला. १९४० मध्ये बीझली या शास्त्रज्ञाने गावरान कापसाच्या जातीचा आणि अमेरिकेतल्या एका रानकापसाचा संकर करून कोल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट केली. तयार झालेल्या झाडाचा अमेरिकन कापसाशी संकर जमला, आणि तर्काला आधार मिळाला. कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असते. ती अत्यंत विषारी आहे, मुलांना हात लावू देऊ नये.

याचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. गावरान कापूस पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी अधिक सोसतो. हे गुण अमेरिकन कापसात आणायचे तर २६ आणि ५२ ची हीच अडचण आडवी येते, आणि तिच्यावरचा मार्गही त्या कुंडीने दाखवलेलाच आहे.

वर्गात गुणसूत्रे मोजता येणार नाहीत. पण मुलांना दोन्ही कापसांची पाने आणायला सांगा. गावरानच्या पानाचे भाग अरुंद आणि खोल कापलेले, अमेरिकनचे रुंद आणि उथळ. पाने समोर ठेवा आणि मग खेचराची गोष्ट पुन्हा सांगा. या वेळी ती वांझपणाशी संपणार नाही.